रंग, नंबर आणि निवाडा: एन्ड्युरन्स रेसिंगमधल्या वादांची पार्श्वभूमी

२०२५ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत सगळ्यांत आधी रेषा ओलांडली ती मान्थाई संघाच्या हिरव्या-पिवळ्या पोर्शेने. विजेती मात्र रोव्हे संघाची बीएमडब्ल्यू ठरली. केव्हिन एस्ट्र याने हळू वर्गातल्या एका अ‍ॅस्टन मार्टिनला मागे टाकताना धडक दिली होती आणि स्ट्यूअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याबद्दल पोर्शेला १ मिनिट ४० सेकंदांचा दंड लावला. तेवढ्याने निकाल फिरला. चाहते या गाडीला ‘ग्रेलो’ म्हणतात. ती कुठूनही ओळखू येते, म्हणूनच तो निकाल इतक्या जणांच्या जिव्हारी लागला.

एन्ड्युरन्स रेसिंगचे, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींचे, चाहते एकत्र जमले की बोलणं फिरून फिरून दोन गोष्टींवर येतं: गाड्यांच्या लिव्हरी, म्हणजे त्यांची रंगसजावट, आणि स्ट्यूअर्डचे निर्णय. वरवर पाहता एक हौसेचा विषय आहे आणि दुसरा भांडणाचा. मला मात्र दोन्हींचं मूळ एकच दिसतं. चोवीस तास, पन्नास-साठ गाड्या, वेगवेगळ्या ताकदीचे वर्ग, प्रत्येक गाडीत आलटून पालटून बसणारे दोन-तीन चालक, मधे रात्र आणि बरेचदा पाऊस. अशा शर्यतीत कोणती गाडी कुठे आहे आणि कोणी काय केलं, हे ठरवणंच मुळात अवघड असतं. पाहणाऱ्याची ती अडचण रंग सोडवतो, आयोजकांची नियम सोडवतात.

फ्रान्समधल्या ले मान्सची पहिली २४ तासांची शर्यत मे १९२३ मध्ये झाली. ३३ गाड्या उतरल्या आणि त्यांतल्या ३० शेवटपर्यंत टिकल्या. सर्वांत जास्त अंतर आंद्रे लगाश आणि रेने लेओनार यांच्या शेनार-वाल्करने कापलं, पण त्या वर्षी एकूण विजेता असा अधिकृतपणे कोणी नव्हताच. इंजिनाच्या आकारानुसार प्रत्येक गाडीला किमान अंतराचं लक्ष्य दिलं होतं आणि एक करंडक तर तीन वर्षांच्या कामगिरीवर ठरायचा होता. म्हणजे ‘खरा विजेता कोण’ हा प्रश्न या खेळाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

तेव्हा रंग देशाचे असत. ही पद्धत १९०० साली सुरू झालेल्या गॉर्डन बेनेट करंडकातून आली. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, बेल्जियमचा पिवळा हे रंग तिथले. इंग्लंडचा हिरवा १९०३ च्या आयर्लंडमधल्या शर्यतीपासून रुजला, इटलीचा लाल त्यानंतर. १९२० च्या दशकात ले मान्स गाजवणाऱ्या बेंटली हिरव्या होत्या त्या यामुळेच. या चौकटीतही कोणी आपली वेगळी ओळख राखली, तर ती ठसठशीत उठून दिसे. १९५६ आणि १९५७ मध्ये ले मान्स जिंकणाऱ्या जॅग्वार डी-टाइप गाड्या एकुरी एकॉस या स्कॉटिश संघाच्या होत्या आणि त्यांचा रंग इंग्लंडचा हिरवा नव्हता, स्कॉटलंडचा गडद निळा होता.

नियमांच्या बाजूला सगळ्यांत मोठी कलाटणी ११ जून १९५५ ची, ले मान्सचीच. माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटमध्ये, म्हणजे इंधन-दुरुस्तीच्या जागेत, थांबण्यासाठी वेग कमी करू लागली, मागची ऑस्टिन-हीली तिला चुकवायला बाजूला वळली आणि पियेर लव्हेगची मर्सिडीज त्या ऑस्टिन-हीलीवर आदळून प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. शर्यत मात्र थांबवली नाही. आघाडीवर असलेल्या मर्सिडीजने रात्री आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या आणि हॉथॉर्न जिंकला. चौकशीत कोणा एका चालकावर ठपका आला नाही. दोष जागेचाच होता: तिथे पिट आणि धावणारा ट्रॅक यांच्यामध्ये काही नव्हतंच. पुढच्या शर्यतीआधी तो भाग नव्याने बांधला गेला. सत्तर वर्षांनंतरही हॉथॉर्न चुकला का यावर लोक वाद घालतात. एका चालकाला दोषी ठरवणं सोपं वाटतं, पण त्या दिवशीचा धोका आराखड्यातच बसलेला होता, असं मला ठामपणे वाटतं.

स्ट्यूअर्ड आणि तांत्रिक तपासनीस यांच्याबद्दलचा संशयही जुना आहे, आणि काही वेळा तो पूर्णपणे रास्त होता. १९६२ ची लोटस २३ ची गोष्ट घ्या. त्याच मोसमात न्युर्बुर्गरिंगला जिम क्लार्कने या चिमुकल्या गाडीने ओल्या ट्रॅकवर मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून खळबळ उडवली होती. ले मान्सच्या तपासनीसांनी हरकत घेतली की पुढच्या चाकांना चार बोल्ट आहेत आणि मागच्यांना सहा, म्हणजे एकच सुटं चाक दोन्हीकडे बसणार नाही. लोटसने धावपळ करून मागे चार बोल्टची व्यवस्था केली. त्यावर उत्तर आलं की मुळात सहाची गरज होती, तर चार असुरक्षित. आधी सहा चालत नाहीत आणि मग चार चालत नाहीत! यात नियम उरतच नाही, उरते ती फक्त मर्जी. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने पुन्हा ले मान्सला न येण्याचं ठरवलं.

उलट १९६९ मध्ये पोर्शेने नियमाला शब्दशः उत्तर दिलं. ९१७ या नव्या गाडीला शर्यतीसाठी मान्यता हवी तर २५ गाड्या तयार असल्या पाहिजेत, अशी अट होती. सुटे भाग आणि अर्धवट जोडलेल्या गाड्या तपासनीसांनी मान्य केल्या नाहीत. मग एप्रिलमध्ये कारखान्यासमोर जोडून पूर्ण केलेल्या २५ च्या २५ गाड्या ओळीने उभ्या केल्या गेल्या. त्या छायाचित्राची जादू आजही उतरलेली नाही.

या दोन घटनांच्या मधे १९६६ च्या ले मान्सचा निकाल येतो. मला तो या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. फोर्डच्या तीन जीटी४० पहिल्या तीन जागांवर होत्या. केन माइल्स आणि डेनी हल्म यांची फिकट निळी, ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन यांची काळी, आणि मागे सोनेरी. कंपनीला तिन्ही गाड्या एकत्र रेषा ओलांडतानाचं चित्र हवं होतं, म्हणून माइल्सला वेग कमी करायला सांगितलं गेलं. ठरलं होतं बरोबरीचं, पण आयोजकांनी नियम दाखवला: काळी गाडी सुरुवातीला काही मीटर मागे उभी होती, म्हणजे चोवीस तासांत तिने तेवढं अंतर जास्त कापलं. विजय मॅक्लारेन आणि एमनला मिळाला. माइल्सने त्याच वर्षी डेटोना आणि सेब्रिंग या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यती जिंकल्या होत्या. एकाच वर्षात तिन्ही जिंकण्याची संधी त्याच्या हातून गेली आणि दोन महिन्यांनी एका चाचणीत त्याचा मृत्यू झाला. निर्णय गणिताने बरोबर होता. पण दोन गाड्यांचे रंग इतके वेगळे आहेत की त्या छायाचित्रात कोण पुढे आणि कोण मागे हे डोळ्यांना लगेच कळतं. म्हणूनच वाद मिटत नाही.

त्याच सुमारास देशांचे रंग मागे पडू लागले. जॉन वायर यांच्या संघाची मिराज १९६७ मध्ये गल्फ तेल कंपनीच्या रंगांत धावली. कंपनीचा स्वतःचा निळा गडद होता. फिकट निळा आला तो गल्फने विकत घेतलेल्या विल्शायर या दुसऱ्या तेल कंपनीकडून, आणि त्यावर नारिंगी पट्टा. १९६८ मध्ये गाड्यांवरच्या जाहिरातींना अधिकृत मोकळीक मिळाली आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी गल्फच्या एकाच जीटी४० ने, चॅसी (सांगाडा) क्रमांक १०७५ ने, ले मान्स जिंकलं. १९६९ चा विजय जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांचा. तेव्हा चालक ट्रॅक ओलांडून पळत गाडीत उडी मारत आणि बरेच जण सुरक्षा पट्टा न लावता निघत. इक्स निषेध म्हणून चालत गेला, पट्टा नीट बांधला आणि सगळ्यांच्या मागून निघाला. पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ अपघातात गेला. त्याने पट्टा लावलेला नव्हता. चोवीस तासांनंतर इक्सने हान्स हेरमानच्या पोर्शेला सुमारे १२० मीटरने हरवलं. पुढच्या वर्षी चालक आधीच गाडीत बसलेले होते. एका माणसाच्या चालण्याने नियम बदलायला जोर आला, हे कोणत्याही पंचांच्या निवाड्यापेक्षा मला मोठं वाटतं.

जाहिरातींबरोबर रंगांचा सुवर्णकाळ आला. १९७० मध्ये लाल-पांढऱ्या ९१७ ने पोर्शेला ले मान्सचा पहिला एकूण विजय मिळवून दिला आणि जांभळ्या-हिरव्या वळणांची ‘हिप्पी’ ९१७ दुसरी आली. १९७१ मध्ये रुंद अंगाच्या ९१७/२० वर अनातोल लापिन यांनी गुलाबी रंग देऊन खाटकाच्या तक्त्यासारख्या मांसाच्या भागांच्या रेषा काढल्या. ती गाडी अपघातामुळे बाहेर पडली, पण तिला कोणी विसरलेलं नाही. शर्यत जिंकली ती मार्टिनी या मद्य कंपनीच्या पट्ट्यांच्या ९१७ ने, आणि तिचा ५,३३५ किलोमीटरचा विक्रम २०१० पर्यंत टिकला. १९७५ मध्ये लिलावकार आणि चालक एर्व्हे पूलँ यांच्या कल्पनेतून शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी रंगवलेली बीएमडब्ल्यू धावली. १९७९ मध्ये अँडी वॉरहॉल यांनी बीएमडब्ल्यूची एम१ स्वतःच्या हाताने अर्ध्या तासाच्या आत रंगवली आणि ती सहावी आली. चित्रकाराने रंगवलेली गाडी वस्तुसंग्रहालयात न जाता आधी रात्रभर चिखल आणि किडे खात धावते, यातच तिची खरी शान आहे.

१९८२ मध्ये ले मान्सला रॉथमन्स सिगारेटच्या निळ्या-पांढऱ्या पोर्शे ९५६ पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, त्याही १, २ आणि ३ या नंबरांच्याच क्रमाने. १९८८ मध्ये सिल्क कट सिगारेटची जांभळी जॅग्वार जिंकली. फ्रान्सच्या १९९१ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती थांबल्या आणि तो रंगपट संपला. त्याच वर्षी नारिंगी-हिरवी ५५ नंबरची माझ्दा ७८७बी जिंकली. तिला ८३० किलो वजनावर धावायची परवानगी होती, तर मर्सिडीज आणि जॅग्वार १,००० किलोच्या. माझ्दाच्या लोकांनी ही सवलत शर्यतीआधी मिळवली होती. या विजयामुळे तिच्या रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या भागावर चालणाऱ्या) इंजिनावर बंदी आली असं अनेक जण सांगतात, ते खरं नाही. साडेतीन लिटरच्या इंजिनांकडे जाण्याचा निर्णय आधीच झाला होता.

एक गोंधळ इथेच दूर केलेला बरा. रेस डायरेक्टर शर्यत चालवतो: सेफ्टी कार, फुल कोर्स यलो (धोका असताना सगळ्या ट्रॅकवर वेगमर्यादा), झेंडे. दंड तो ठरवत नाही. तो प्रकरण स्ट्यूअर्डकडे पाठवतो आणि त्यांचं मंडळ निर्णय देतं. रागाच्या भरात दोघांना एकाच माळेत ओवलं जातं, आणि बिचाऱ्या रेस डायरेक्टरला दुसऱ्यांच्या निर्णयाचे बोल ऐकावे लागतात.

अलीकडचे निर्णय पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मोजमापावर उभे असलेले निर्णय कितीही कठोर असले तरी काही दिवसांत पचतात. २०१६ मध्ये ले मान्सला आघाडीवरची टोयोटा शेवटच्या मिनिटांत सरळ रस्त्यावर बंद पडली. काझुकी नाकाजिमाने ती कशीबशी फिरवून आणली, पण शेवटच्या फेरीला जवळपास १२ मिनिटं लागली आणि मर्यादा होती ६ मिनिटांची. जवळपास पूर्ण शर्यत धावूनही निकालात तिचं नावच नाही. २०१८ मध्ये सिल्व्हरस्टोनला पहिल्या दोन टोयोटा तळाच्या पट्टीच्या चाचणीत नापास झाल्या आणि विजय रिबेलियनला गेला. २०१९ मध्ये ले मान्सच्या जीटीई-एएम (हौशी चालक असलेल्या संघांच्या) वर्गात कीटिंग संघाची फोर्ड जीटी आधी जिंकली आणि मग बाद झाली. तिच्या टाकीत ९६ ऐवजी ९६.१ लिटर इंधन मावत होतं. २०२५ मध्ये ले मान्सला चौथी आलेली ५० नंबरची फेरारी रिअर विंगच्या चाचणीत बसली नाही, कारण विंगच्या आधाराचे बोल्ट गायब होते. हळहळ वाटते, पण आकडा समोर असतो.

अंदाजावर उभे असलेले निर्णय मात्र वर्षानुवर्षं धुमसतात. २०२४ मध्ये ले मान्सच्या शेवटच्या टप्प्यात ५१ नंबरच्या फेरारीने ८ नंबरच्या टोयोटाला धक्का देऊन फिरवलं आणि दंड झाला ५ सेकंदांचा. त्याच शर्यतीत ८३ नंबरच्या फेरारीला बीएमडब्ल्यूशी झालेल्या धडकेबद्दल ३० सेकंद. धडका वेगळ्या होत्या, हे मान्य. पण फरक इतका का, हे निर्णयाच्या दोन ओळींच्या कागदावरून कळत नाही, आणि ही खेळाची खरी उणीव आहे. कारण सविस्तर लिहिलं तर निम्मे वाद तिथेच संपतील.

आता यात तिसरा प्रकार आला आहे, तो शर्यतीआधीचा. वेगवेगळ्या बनावटीच्या गाड्यांचं वजन आणि शक्ती कमी-जास्त करून त्यांना एका पातळीवर आणणारा बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे बीओपी. २०२३ च्या ले मान्सआधी काही दिवसांतच टोयोटावर ३७ किलो, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११ आणि पोर्शेवर ३ किलो वाढवले गेले. पन्नास वर्षांनी सर्वोच्च वर्गात परतलेली फेरारी पहिल्याच प्रयत्नात जिंकली, टोयोटा दुसरी आली. २०२४ मध्ये पुन्हा फेरारी, आणि २०२५ मध्ये तर लाल गाड्यांना मागे टाकून ८३ नंबरची पिवळी फेरारी. मला त्या चालकांच्या कौशल्याबद्दल तसूभरही शंका नाही. रॅलीतल्या भीषण अपघातातून सावरलेल्या, त्या पिवळ्या गाडीच्या रॉबर्ट कुबित्साने एवढं सोसून मिळवलेला तो विजय पाहताना मन भरून आलं. पण बीओपीबद्दल उत्पादक, संघ आणि चालक यांनी जाहीर बोलू नये, असं कलमच विश्व एन्ड्युरन्स स्पर्धेच्या नियमांत आहे. ज्यांना गाडी आतून माहीत आहे, त्यांची तोंडं बंद. त्यामुळे आज हा हिशोब मांडणारे उरतात ते प्रेक्षक: दर शर्यतीनंतर फेऱ्यांच्या वेळांची अधिकृत पत्रकं उघडून, प्रत्येक बनावटीच्या सर्वांत जलद फेऱ्यांची सरासरी काढून, सरळ रस्त्यावरचे वेग शेजारी ठेवून बघणारे.