सिडेरोफोर की हीम? व्हिब्रिओ लोह कुठून मिळवतो

‘जिवाणू रक्तातलं लोह चोरतात’ असं आपण सहज म्हणतो. त्या एका वाक्यात दोन वेगळ्या क्रिया मिसळून जातात. समुद्रातल्या व्हिब्रिओ जिवाणूंकडे पाहिलं की त्या वेगळ्या दिसतात.

आपल्या शरीरात लोह भरपूर असतं, पण मोकळं जवळजवळ नसतंच. रक्तद्रवातलं लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन धरून ठेवतं आणि शरीरातलं बहुतेक लोह तांबड्या पेशींमध्ये, हिमोग्लोबिनच्या हीममध्ये, म्हणजे लोह मधोमध धरणाऱ्या कड्यासारख्या रेणूत, अडकलेलं असतं. या दोन साठ्यांच्या वाटा निराळ्या.

सिडेरोफोर म्हणजे जिवाणूने स्वतः बनवून बाहेर सोडलेला छोटा रेणू. तो लोहाला इतकं घट्ट धरतो की ट्रान्सफेरिनकडूनही ते काढून घेतो आणि लोहासकट जिवाणूच्या आवरणावरच्या ठरावीक प्रथिनातून आत शिरतो. कॉलऱ्याचा जिवाणू (हाही व्हिब्रिओच) व्हिब्रिओबॅक्टिन नावाचा सिडेरोफोर बनवतो, तर व्हिब्रिओ व्हल्निफिकस व्हल्निबॅक्टिन. मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र माशांकडून मिळतो. माशांना आजारी पाडणाऱ्या व्हिब्रिओ अँग्विलारमच्या ज्या वाणांचा सिडेरोफोर प्लाझ्मिडवरच्या (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावरच्या) जनुकांतून बनतो, त्यांचा तो प्लाझ्मिड काढून घेतला की माशांना मारण्याची त्यांची ताकदच जाते.

हीमच्या वाटेवर लोह सुटं करून आणायला रेणू पाठवावा लागत नाही. व्हिब्रिओ हीमचं अख्खं कडं आत घेतो आणि तिथे विकराने ते तोडून लोह मोकळं करतो. पण त्याआधी तांबडी पेशी फुटायला हवी, म्हणून हिमोलायसिन या विषाचं इथे महत्त्व. सिडेरोफोरला पेशी फोडायची गरज नसते.

गोंधळ होतो तो दोघांच्या साम्यामुळे. दोन्ही वाटांना ऊर्जा टॉनबी प्रथिनं पुरवतात आणि लोह कमी पडलं की दोन्हींवरचा फर या प्रथिनाचा लगाम सुटतो. शिवाय एक वाट बंद पडली तर दुसरी हाताशी असते. व्हिब्रिओबॅक्टिन बनवता न येणारा कॉलऱ्याचा जिवाणूही प्रयोगात उंदराच्या पिलांच्या आतड्यात वाढू शकतो.

व्हल्निफिकसची गोष्ट आणखी गंभीर आहे. १९८१ मधल्या प्रयोगात उंदरांना आधी लोह टोचलं, तेव्हा अगदी मोजके जिवाणूही जीवघेणे ठरले. यकृताचा जुना आजार किंवा हिमोक्रोमॅटोसिस (शरीरात जास्तीचं लोह साठत जाण्याचा आजार) असलेल्या माणसाचं ट्रान्सफेरिन बऱ्याचदा लोहाने भरलेलं असतं, त्यामुळे जिवाणूला लोहासाठी फार झगडावं लागत नाही. हा जिवाणू कच्च्या कालवांतून किंवा जखमेतून शरीरात शिरतो, म्हणून अशांनी कच्ची कालवं खाऊ नयेत आणि उघडी जखम घेऊन कोमट खाऱ्या पाण्यात उतरू नये.