आंत्रपुच्छ आणि आतड्यांचा दाहविकार

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहविकारात (आयबीडी; अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे त्याचे मुख्य प्रकार) आंत्रपुच्छालाही, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या अपेंडिक्सलाही, सूज येऊ शकते. नेहमीचे अपेंडिसायटिस एक-दोन दिवसांत टिपेला पोचते. हा दाह मात्र कित्येकदा महिनोन्‌महिने धुमसत राहतो. कळ दोन्हींत पोटाच्या उजव्या खालच्या बाजूलाच येते, आणि गल्लत होते ती तिथेच.

आंत्रपुच्छ ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला (उंडुक) लोंबणारी, एका टोकाला बंद, करंगळीहून बारीक नळी. लांबी साधारण ६ ते १० सेंमी. पेरूची बी अडकून अपेंडिक्स होते असे आपल्याकडे घरोघरी सांगतात, पण बी सापडणे फार विरळ. तोंड बुजते ते बहुधा घट्ट झालेल्या मळाच्या खड्याने किंवा भिंतीतल्या लसिका-ऊतकाच्या सुजेने. हे ऊतक प्रतिकारशक्तीचे ठाणे आहे. त्यामुळे आंत्रपुच्छाला निरुपयोगी शेपूट म्हणणे आता धरून चालत नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला व्रण पाडणाऱ्या आजारात, दाह गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो. तरीही दुर्बिणीने तपासताना कधी कधी असे दिसते, की मधले आतडे गुलाबी, निरोगी आहे आणि आंत्रपुच्छाच्या तोंडाभोवतीच तेवढा लालसर, फुटकुळ्यांचा चट्टा आहे. क्रोन्समध्ये दाह असा तुटक चट्ट्यांनी येतो; पण या सुट्या चट्ट्यावरून ‘हा क्रोन्सच’ असा निष्कर्ष काढणे चूक.

या अवयवाचा कोलायटिसशी संबंध त्याहून खोल दिसतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणीत, आंत्रपुच्छ काढलेल्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. विशीच्या आत, खऱ्याखुऱ्या दाहासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांना पुढे अल्सरेटिव्ह कोलायटिस होण्याचे प्रमाण कमी आढळले. ॲक्युअर या युरोपीय चाचणीत, आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या रुग्णांपैकी आंत्रपुच्छ काढलेल्यांत वर्षभरात सुमारे ३६ टक्क्यांचा आजार उलटला, नुसत्या औषधांवर असलेल्यांत ५६ टक्क्यांचा. म्हणून आजार टाळण्यासाठी धडधाकट माणसाने आंत्रपुच्छ काढून घ्यावे, असे मात्र कोणी सुचवत नाही.

क्रोन्सचा आजार १९३२ मध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील दाह म्हणून वर्णिला गेला. तो उंडुकाजवळ असला की आंत्रपुच्छही त्यात सापडते. फक्त आंत्रपुच्छापुरता क्रोन्स दुर्मीळ. तो शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांत परत येत नाही. उंडुकाचा पायाच सुजलेला असेल तर मात्र शस्त्रक्रियेनंतर टाक्याच्या जागी फिस्टुला, म्हणजे आतड्यातून बाहेर फुटणारी वाट, होण्याची भीती असते.

भारतात, आणि म्हणून गोव्यातही, खरा पेच क्षयरोगाचा. आतड्याचा क्षय नेमका याच कोपऱ्यात घर करतो, आणि क्रोन्ससारखाच वजन घटवतो, ताप आणतो, गाठी उठवतो. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या गाठीत चुऱ्यासारखी मृत पेशींची रास दिसू शकते, क्रोन्समध्ये ती नसते. पण प्रत्येक नमुना इतका बोलका नसतो. अशा वेळी काही महिने क्षयाची औषधे देऊन व्रण भरतात का, हे दुर्बिणीने पुन्हा पाहतात. क्षय असताना स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर तो भडकतो. उलट क्रोन्सला क्षय समजत राहिले तर आतडे अरुंद होत जाते.

म्हणून काढलेले आंत्रपुच्छ टाकून द्यायचे नसते. फॉर्मेलिनच्या बाटलीत बुडवलेला तो तपकिरी तुकडा पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाती दिला जातो, आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण टाके काढून घरी पोचलेला असतो. अहवाल कुणी आणायला गेलेच नाही, असे फार होते. हे मला सर्वांत जास्त टोचते, कारण ‘ग्रॅन्युलोमा’ (क्षय किंवा क्रोन्सकडे बोट दाखवणारी सूक्ष्म गाठ) हा एक शब्द त्याच कागदावर असतो.

सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या गावांतून असे रुग्ण आधी तालुक्याच्या इस्पितळात आणि गरज पडल्यास बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) पोचतात. या महाविद्यालयाची परंपरा १८४२ च्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. गावात पोटदुखीवर पहिला उतारा उकड्या तांदळाची पेज. ती पोटाला हलकी आहे, खायला हरकत नाही. पण जुलाबातून आव-रक्त जाते, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागते, महिन्याभरात कपडे सैल होतात, किंवा अपेंडिक्स काढूनही तीच कळ परत येते, तेव्हा नुसत्या पेजेवर दिवस काढू नयेत. डॉक्टरांकडे जाताना जुन्या शस्त्रक्रियेचा अहवाल सोबत न्यावा, आणि घरात कुणाला क्षय झाला होता का तेही न विचारता सांगावे.

उपचार आजारावर ठरतो. कोलायटिसमध्ये दाह शमवणारे मेसालामाइन, उद्रेकात काही काळ स्टेरॉइड, पुढे प्रतिकारशक्ती दाबणारे ॲझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे. क्रोन्समध्ये मेसालामाइनचा उपयोग थोडा. विडी-सिगारेटने क्रोन्स बळावतो, ती सोडणे हा उपचाराचाच भाग. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत; आतड्याचा दाह त्यांनी चेतू शकतो.