शब्द एक, घराणी अनेक: थ्रेडिंगच्या दस्तऐवजांतील परिभाषेची पार्श्वभूमी

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘थ्रेडिंग’ नावाचे मॉड्यूल आहे: एकाच प्रोग्रामची अनेक कामे, म्हणजे ‘थ्रेड’, जोडीने चालवायचे साधन. त्याच्या दस्तऐवजात एक वाक्य आहे, ज्यावरून बहुतेक जण नजर फिरवून पुढे जातात. या मॉड्यूलची रचना ढोबळमानाने जावा या दुसऱ्या भाषेतल्या थ्रेडिंगवर बेतलेली आहे, मात्र जावात लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) आणि कंडिशन व्हेरिएबल (एखादी अट खरी होईपर्यंत थ्रेडला थांबवायची सोय) प्रत्येक ऑब्जेक्टच्या अंगचेच असतात, तर पायथॉनमध्ये त्या वेगळ्या वस्तू आहेत, असे ते सांगते. माझ्या मते सगळ्या पानात हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण इथले शब्द कोणत्या घराण्यातून आले ते त्यातून कळते. थ्रेडिंगमध्ये तोच शब्द घराणे बदलले की अर्थ बदलतो, आणि हे माहीत नसलेला माणूस दस्तऐवज नीट वाचूनही चुकीचा कोड लिहितो.

सर्वांत जुना शब्द सेमाफोर: एखादी सामाईक गोष्ट एका वेळी किती जणांनी वापरायची ते ठरवणारा मोजणीचा आकडा. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो रेल्वेच्या हात वरखाली होणाऱ्या सिग्नलवरून घेतला. त्यावरच्या दोन क्रियांना त्यांनी ‘पी’ आणि ‘व्ही’ अशी नुसती अक्षरे दिली. ‘व्ही’ म्हणजे डच भाषेत वाढवणे, आणि ‘पी’मागे ‘कमी करून पाहणे’ अशा अर्थाचा त्यांनी स्वतः घडवलेला शब्द. डच न येणाऱ्याला यातून काहीच बोध होत नाही. म्हणून पुढे प्रत्येकाने आपापली नावे ठेवली: पॉझिक्सने (युनिक्सच्या धर्तीवरच्या कार्यप्रणालींचे मानक) ‘वेट’ आणि ‘पोस्ट’, जावा व पायथॉनने ‘अक्वायर’ आणि ‘रिलीज’. पायथॉनचा दस्तऐवज डायक्स्ट्रांची मूळ अक्षरेही नोंदवतो, त्यामुळे जुनी पुस्तके वाचून आलेल्याला धागा जुळवता येतो.

खरी गुंतागुंत झाली ती ‘सिग्नल’ या शब्दापाशी. १९७३-७४च्या सुमारास पेर ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञांनी मॉनिटरची, म्हणजे सामाईक माहिती आणि तिचे लॉक एकत्र बांधणाऱ्या रचनेची, कल्पना मांडली. होअर यांच्या मांडणीत एखाद्या प्रोसेसने (चालू असलेल्या कामाने) ‘सिग्नल’ दिला, की थांबलेल्या प्रोसेसकडे मॉनिटरचा ताबा त्याच क्षणी जातो. मध्ये तिसरा कोणी घुसू शकत नाही. त्यामुळे जागी झालेली प्रोसेस निर्धास्त असते: ज्या अटीसाठी ती थांबली होती, ती अट आता खरी आहेच. थांबण्यापूर्वी एकदा ‘इफ’ने तपासले की काम भागते.

झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मेसा ही भाषा प्रत्यक्ष मोठ्या प्रणालींसाठी वापरली जात होती. तिथे हा तात्काळ ताबा देण्याचा नियम महागडा ठरला. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८०च्या त्यांच्या निबंधात निराळा नियम मांडला: जागे करणारा आपले काम चालू ठेवतो, आणि ज्याला जागे केले तो नंतर कधीतरी लॉक मिळवून पुढे सरकतो. मधल्या वेळेत परिस्थिती पालटलेली असू शकते. म्हणून जाग येणे ही केवळ सूचना समजायची आणि अट ‘व्हाइल’च्या फेऱ्यात पुन्हा तपासायची. त्यांनी अर्थ बदलला तेव्हा शब्दही बदलला. मेसात ‘सिग्नल’ नाही, ‘नोटिफाय’ आहे. परिभाषेच्या बाबतीत इतका प्रामाणिक निर्णय या सगळ्या इतिहासात मला दुसरा दिसत नाही.

पुढे ही शिस्त राहिली नाही. १९९५च्या पॉझिक्स थ्रेड्स मानकाने अर्थ मेसाचा घेतला, पण नाव ठेवले ‘सिग्नल’. त्यात युनिक्समध्ये ‘सिग्नल’ ही प्रोसेसला पाठवायची अगदी वेगळी गोष्ट आधीपासून होतीच. एकाच कार्यप्रणालीच्या मॅन्युअलमध्ये एक शब्द दोन असंबंधित कामांना! गो भाषेने ‘सिग्नल’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ (थांबलेल्या सगळ्यांना जागे करणे) हीच जोडी उचलली. जावा, आणि २०११ची सी प्लस प्लस, ‘नोटिफाय’कडे गेल्या. सी शार्पने ‘पल्स’ असा तिसराच शब्द काढला. नियम मात्र या सगळ्यांत मेसाचाच आहे. महाविद्यालयात होअर यांचा मॉनिटर शिकून आलेला विद्यार्थी पॉझिक्समध्ये ‘सिग्नल’ वाचतो आणि ‘इफ’ लिहितो. चाचणीत कोड बिनबोभाट चालतो. भार वाढला की महिन्यातून एकदा कोसळतो, आणि अशी चूक शोधायला आठवडे जातात. पायथॉनचा दस्तऐवज इथे स्पष्ट बोलतो: ‘नोटिफाय’ लॉक सोडत नाही, ते ‘नोटिफाय’ करणाऱ्याने स्वतः सोडायचे असते, आणि जागा झालेला थ्रेड लॉक परत मिळाल्याशिवाय ‘वेट’मधून बाहेर पडत नाही. मोजकी वाक्ये, पण संदिग्धतेला जागा नाही.

‘रीएन्ट्रंट’ची गोष्ट अशीच. फंक्शनबद्दल वापरला तर अर्थ असा, की एक फेरी अर्धवट असताना दुसरी सुरू झाली तरी बिघडत नाही. लॉकबद्दल वापरला तर, ज्या थ्रेडकडे ते लॉक आहे तोच ते पुन्हा घेऊ शकतो. पॉझिक्स दुसऱ्या अर्थासाठी ‘रिकर्सिव्ह’ म्हणते, जावा व पायथॉन ‘रीएन्ट्रंट’ म्हणतात. नुसते ‘लॉक’ही सारखे नाही: पायथॉनचे साधे ‘लॉक’ एका थ्रेडने घेऊन दुसऱ्याने सोडले तरी चालते, कारण त्याला मालकच नसतो. पॉझिक्सच्या म्युटेक्सचा, म्हणजे ज्याने घेतले त्यानेच सोडायच्या लॉकचा, अभ्यास करून आलेल्याला हे धक्कादायक वाटते.

आपल्याकडे ऑफिसात आपण सरसकट ‘थ्रेड अडकलाय’ म्हणतो. बोलताना ते ठीक, पण २००४च्या जावा ५ने थ्रेडच्या अवस्थांना अधिकृत नावे दिली तेव्हा ‘ब्लॉक्ड’ म्हणजे फक्त मॉनिटरच्या लॉकसाठी ताटकळलेला, आणि ‘वेट’ किंवा ‘जॉइन’मध्ये (दुसरा थ्रेड संपण्याची वाट पाहत) थांबलेला तो ‘वेटिंग’, असा भेद केला. थ्रेड डंप (सगळ्या थ्रेडच्या त्या क्षणीच्या अवस्थांची नोंद) वाचताना हा भेद विसरला तर तपास चुकीच्या दिशेला जातो. त्याच जावाच्या अधिकृत शिकवणीत मात्र एकाच गोष्टीला ‘इंट्रिन्सिक लॉक’ आणि ‘मॉनिटर लॉक’ अशी दोन नावे आहेत, आणि एपीआयच्या (भाषेतल्या तयार आज्ञांच्या) वर्णनात तिला अनेकदा नुसते ‘मॉनिटर’ म्हटले जाते अशी टीपही आहे. टीप आहे हे चांगलेच. पण एकच नाव धरून ठेवले असते तर टीप लागली नसती.

नावे दुरुस्त करायला किती काळ लागतो, हेही पायथॉनमध्ये दिसते. जावाच्या धर्तीवर जोडून लिहिलेल्या, थांबलेल्या सगळ्यांना जागे करणाऱ्या ‘नोटिफायऑल’ला अधोरेषा असलेले ‘नोटिफाय_ऑल’ हे पर्यायी नाव २००८च्या २.६ आवृत्तीत मिळाले. जुने नाव कालबाह्य म्हणून जाहीर झाले ते २०२१च्या ३.१० मध्ये.

आता कसोटी आहे ती ‘थ्रेड-सेफ’, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरले तरी न बिघडणारे, या शब्दाची. पायथॉनच्या प्रश्नोत्तरांत यादीला ‘अपेंड’ करणे (शेवटी भर घालणे) सुरक्षित, पण एखाद्या चलात एक मिळवून परत त्यातच ठेवणे सुरक्षित नाही, असे सांगितलेले आहे. त्या सुरक्षिततेचा आधार होता ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉनचा कोड चालवू देणारे लॉक. ऑक्टोबर २०२४च्या ३.१३ आवृत्तीत ते लॉक काढलेली ‘फ्री-थ्रेडेड’ बांधणी प्रायोगिक म्हणून आली. तिच्या दस्तऐवजात यादी, डिक्शनरी यांना आतून लॉक असल्याचे सांगितले आहे, पण ते सध्याच्या अंमलबजावणीचे वर्णन आहे, हमी नव्हे, असेही बजावले आहे आणि शक्य तिथे स्वतःचे लॉक वापरायला सुचवले आहे. ‘आज असे घडते’ आणि ‘असेच घडेल याची हमी’ या दोन विधानांना इतकी वर्षे एकच शब्द पुरत होता. आता प्रत्येक लायब्ररीच्या लेखकाला आपल्या पानावरचा ‘थ्रेड-सेफ’ पुन्हा उघडून, त्यापैकी नेमके काय म्हणायचे आहे ते लिहावे लागणार आहे.