मीटलोफचे जोडपदार्थ

मीटलोफ हा ओव्हनमध्ये भाजलेला खिम्याचा पदार्थ मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घरगुती रात्रीच्या जेवणाशी निगडित आहे. गोमांसाचा, किंवा गोमांस, डुकराचे मांस व वासराचे मांस एकत्र करून केलेला खिमा घेतात. त्यात दुधात भिजवलेला पाव किंवा ओट्स, अंडे व बारीक चिरलेला कांदा मळून पावाच्या लांबट साच्यात, किंवा हाताने वळून, तो भाजतात आणि जाड चकत्या कापून वाढतात. या चकत्यांबरोबर काय वाढावे याचे काही ठरीव संकेत आहेत. त्यांचा विचार या नोंदीत केला आहे.

अशा सोबतीच्या पदार्थांना मराठीत ‘तोंडीलावणे’ म्हणण्याचा मोह होतो, पण तो शब्द येथे बसत नाही. आपल्याकडे पोट भरते ते भात-पोळीने आणि भाजी, चटणी, कोशिंबीर तोंडी लावतात. अमेरिकन ताटात मांस मुख्य आणि बटाटा ‘बाजूचा’ मानतात. प्रत्यक्षात अर्धे ताट तोच व्यापतो. म्हणून येथे ‘जोडपदार्थ’ हा शब्द वापरला आहे. ‘ग्रेव्ही’बाबतही हाच घोटाळा संभवतो. अमेरिकन ग्रेव्ही म्हणजे मांस भाजताना सुटलेला रस व चरबी यांत मैदा परतून, पाणी वा दूध घालून दाट केलेला तपकिरी सॉस. कांदा-टोमॅटोच्या वाटणाशी तिचा संबंध नाही.

उगम : मीटलोफची परंपरा पुष्कळदा रोमन काळापर्यंत नेली जाते. आपिकियुस या नावावर असलेल्या, बहुधा चौथ्या-पाचव्या शतकात सिद्ध झालेल्या लॅटिन पाकसंग्रहात कुटलेले मांस, द्राक्षमद्यात भिजवलेला पाव व मिरी यांचे गोळे आतड्यावरील जाळीदार चरबीत गुंडाळून भाजण्याची कृती आहे. मांसात पाव मिसळण्याची युक्ती जुनी आहे एवढेच त्यावरून ठरते; सलग वंशावळ सिद्ध होत नाही.

अमेरिकन मीटलोफचा पूर्वज म्हणून पेनसिल्व्हेनियातील जर्मन वसाहतकऱ्यांच्या स्क्रॅपलकडे बोट दाखवतात. डुकराच्या मांसाचे उरलेसुरले तुकडे मक्याच्या पिठाबरोबर शिजवून त्याची वडी थापतात, गार झाल्यावर काप करून तव्यावर परततात, ते स्क्रॅपल. हे मत लोकप्रिय असले, तरी जोडपदार्थांच्या बाजूने पाहता ते लंगडे पडते. स्क्रॅपल न्याहारीला, अंड्यांबरोबर किंवा मेपलच्या पाकाबरोबर खातात. त्याच्याशेजारी बटाट्याचा लगदा आणि ग्रेव्ही कोणी वाढत नाही. अर्थात अमेरिकेतील आरंभीचा मीटलोफही, काही अन्नेतिहासकारांच्या मते, उरलेल्या थंड मांसाचा व न्याहारीचा पदार्थ होता, त्यामुळे हा आक्षेप निर्णायक म्हणता येत नाही. आधुनिक स्वरूपाच्या कृती साधारणतः १८७०च्या दशकाच्या अखेरीपासून मिळतात. अमेरिकन पाककला-शिक्षिका फॅनी फार्मर यांच्या १८९६च्या पाकपुस्तकात वासराच्या मांसाचा लोफ आहे. हाताने फिरवायचे खिमायंत्र याच सुमारास घरोघर पोहोचले. त्यापूर्वी सुरीने मांस बारीक करावे लागे, आणि रोजच्या स्वयंपाकात तेवढी उसंत नसे.

दुसरे मत ‘फाल्शर हाझे’ म्हणजे ‘खोटा ससा’ या जर्मन पदार्थाकडे जाते. त्यात खिम्याच्या लांबट गोळ्यात उकडलेली अंडी दडवतात आणि बटाटा व लाल कोबीबरोबर तो वाढतात. बटाटा तेथून अमेरिकेत आला असे मानले, तर लाल कोबी वाटेत का गळाला, हा प्रश्न उरतो. म्हणून हे जोडपदार्थ का ठरले यासाठी प्रस्तुत नोंदीत, पुढे दिलेले, ओव्हनचे आणि ताट भरण्याचे कारण अधिक ग्राह्य मानले आहे.

ओव्हनचे गणित : सु. ९०० ग्रॅम खिम्याचा लोफ ३५०° फॅ. (सु. १७७° से.) तापमानात साधारण एक तास भाजावा लागतो. आतले तापमान १६०° फॅ. (सु. ७१° से.) झाले की तो शिजला, असा अमेरिकन कृषिखात्याचा दंडक आहे. ओव्हन एवढा वेळ तापलेला ठेवायचा आणि त्यात एकच साचा ठेवायचा, हे काटकसरी गृहिणीला परवडणारे नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गृहविज्ञान शिक्षिका सबंध जेवण एका ओव्हनमध्ये करण्याचा पुरस्कार करीत, तो इंधन वाचावे म्हणूनच. लोफ मधल्या फळीवर, शेजारी सालासकट भाजायचे बटाटे किंवा दुधात थर लावलेले काप, खालच्या फळीवर सफरचंदाचा गोड पदार्थ, अशी मांडणी होई. सालासकट बटाट्याला त्या तापमानात सव्वा ते दीड तास लागतो, म्हणून तो आधी आत जातो.

लोफ बाहेर काढल्यावर लगेच कापला, तर चकतीचा भुगा होतो. दहा मिनिटे तो तसाच ठेवतात. शेगडीवरच्या जोडपदार्थांना हीच दहा मिनिटे मिळतात. उकडलेला बटाटा कुस्करणे, मटार लोण्यात परतणे आणि ग्रेव्ही ढवळणे हे सगळे त्या वेळात उरकते. बटाटा रसेटसारख्या पिठूळ जातीचा असावा आणि तो यंत्राने फेटू नये. फेटल्यास पेशी फुटून स्टार्च मोकळा होतो व लगदा खळीसारखा चिकट बनतो. ताटात वाढल्यावर चमच्याच्या पाठीने लगद्यात खळगा करतात व त्यात ग्रेव्ही ओततात. वरणासाठी भातात आळे करावे तसे. आळ्याचा काठ फुटून ग्रेव्ही मटारांत शिरली, तर काहींना ते आवडते व काहींना मुळीच खपत नाही.

निवडणारा कोण : एक बटाटा आणि एक हिरवी भाजी या जोडीला युद्धकाळात सरकारी बळ मिळाले. १९४३ साली अमेरिकन कृषिखात्याने अन्नाचे सात गट जाहीर केले. त्यांत हिरव्या-पिवळ्या भाज्यांचा एक गट होता आणि बटाटा वेगळ्या गटात, इतर भाज्या व फळांबरोबर होता. मांसाचे रेशनिंगही त्याच वर्षी सुरू झाले. खिम्यात पाव वाढवून लोफ पुरवायचा आणि उरलेले ताट बाजूच्या पदार्थांनी भरायचे, हे ओघाने आले. १९३०च्या दशकातील मंदीच्या काळात घरांनी ही सवय आधीच लावून घेतली होती.

स्वस्त उपाहारगृहांत लोफ ‘ब्लू प्लेट स्पेशल’ म्हणजे मांस व भाज्या ठरवून दिलेले स्वस्त ताट म्हणून मिळे. या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. रेल्वेमार्गावरील फ्रेड हार्वी उपाहारगृहांच्या १८९२च्या मेनूचा दाखला दिला जातो. दुसऱ्या मतानुसार निळ्या ‘विलो’ नक्षीच्या स्वस्त ताटांवरून हे नाव पडले. तिसरे मत मंदीच्या काळातील खण पाडलेल्या ताटांचे आहे. ती म्हणे निळ्या रंगातच मिळत. शब्द १९२०च्या दशकात रूढ झालेला दिसतो, त्यामुळे तिसरे मत कालदृष्ट्या अडचणीचे ठरते. विलो नक्षीचे मत त्यातल्या त्यात पटण्याजोगे आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मेनूवरील ‘बदल मिळणार नाही’ ही सूचना. मांसाबरोबर कोणत्या भाज्या यायच्या, हे स्वयंपाकघर ठरवी, गिऱ्हाइकाने खायचे.

दक्षिणेकडील, विशेषतः टेनेसीतील नॅशव्हिल शहराच्या परिसरातील ‘मीट अँड थ्री’ उपाहारगृहांत उलटा प्रकार असतो. मांस एक आणि फळ्यावरच्या यादीतून तीन भाज्या, पैकी तिन्ही खाणाऱ्याच्या पसंतीच्या. या यादीत चीज घातलेली मॅकरोनी बिनदिक्कत भाजी म्हणून धरतात. १९५०च्या दशकात स्वॉन्सन कंपनीने आणलेल्या गोठवलेल्या तयार जेवणात निवड पुन्हा खाणाऱ्याच्या हातून गेली. ॲल्युमिनियमच्या ताटातले सगळे पदार्थ एकाच तापमानाला, एकाच वेळेत गरम व्हायला हवेत, म्हणून मटार, बटाटा, मका यांचीच वर्णी लागली.

चवीचा मेळ : लोफवर ग्रेव्ही आहे की केचपचा लेप, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. ग्रेव्ही असेल, तर ती शोषून घेणारे काहीतरी हवे : कुस्करलेला बटाटा किंवा लोण्यातले अंड्याचे नूडल्स. केचप, तपकिरी साखर व मोहरी यांचा लेप मुळात आंबट-गोड असतो. त्याच्याशेजारी साखरेत घोळवलेली गाजरे व रताळी ठेवली की ताट मिठाईकडे झुकते, तरीही ती सर्रास वाढली जातात. तेथे फरसबी किंवा व्हिनेगर घातलेली कोबीची कोशिंबीर, म्हणजे कोलस्लॉ, बरी. लोफ मऊ, बटाटा मऊ, म्हणून काहीतरी कुरकुरीतही लागते. कॅम्प्बेल कंपनीच्या न्यू जर्सीतील कॅम्डन येथील स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी १९५५ साली सिद्ध केलेला फरसबीचा कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, येथे हटकून येतो. फरसबी, डब्यातले मश्रूम सूप आणि वर तळलेला कांदा. तो ३५०° फॅ. तापमानातच भाजला जातो, ही त्याची सोय. पण कांद्याचा थर सोडला तर तोही मऊच.

इतर देश : जर्मनीत लाल कोबी आंबट सफरचंद व व्हिनेगरबरोबर मंद शिजवतात. त्यातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल राहते. आम्ल कमी पडले की निळसर होते. उत्तरेत याला ‘लाल कोबी’, तर दक्षिणेत ‘निळा कोबी’ म्हणतात, याचे कारण यात शोधले जाते. मंडईत आपण त्याच गड्ड्याला जांभळा म्हणतो. स्वीडनमध्ये साईचा सॉस, उकडलेला बटाटा आणि आंबट लिंगनबेरी; डेन्मार्कमध्ये तपकिरी सॉसमध्ये रेडकरंटची जेली; चेक लोकांच्या सेकाना या मीटलोफबरोबर मोहरी, पाव आणि लोणच्याची काकडी.

उरलेला लोफ दुसऱ्या दिवशी थंडच कापून पावात घालतात. तेव्हा बटाटा, मटार, ग्रेव्ही सगळे बाद होते. सोबतीला शेपू घालून मुरवलेली काकडी आणि बटाट्याचे वेफर्स असतात.