गेन जुळवणी (घरगुती प्रीॲम्पमधील)

प्रीॲम्पला (स्रोत निवडून त्यांचा आवाज ठरवणाऱ्या, मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधीच्या उपकरणाला) जोडलेले निरनिराळे स्रोत, व्हॉल्यूमचे बटण एकाच जागी असताना, साधारण सारख्याच आवाजात वाजावेत म्हणून प्रत्येक इनपुटची पातळी आधीच बांधून ठेवणे म्हणजे गेन जुळवणी. स्वतः बांधलेल्या प्रीॲम्पमध्ये सिलेक्टर (स्रोत निवडायचे बटण) रेकॉर्ड प्लेअरवरून डॅककडे (डिजिटल संकेताचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणाकडे) फिरवताच स्पीकर दणाणतात, आणि मग तिची आठवण होते.

सीडी प्लेअर व डॅक यांची कमाल पातळी सहसा २ व्होल्ट (आरएमएस, म्हणजे एसी व्होल्टेजचे परिणामी मूल्य) असते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागचा, हलत्या चुंबकाने संकेत तयार करणारा भाग) सुमारे ५ मिलिव्होल्ट देते. फोनो टप्प्यात (कार्ट्रिजचा संकेत वाढवणाऱ्या भागात) ते ४० डेसिबलने, म्हणजे १०० पट, वाढून ०.५ व्होल्ट होतात. डॅकचे २ व्होल्ट आणि हे ०.५ व्होल्ट यांतले अंतर १२ डेसिबलचे. घरगुती उपकरणांची उणे १० डीबीव्ही (१ व्होल्टच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) ही प्रचलित पातळी तर ०.३१६ व्होल्टच आहे.

मात्र हे आकडे एका जातीचे नाहीत, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. ॲनालॉगचा आकडा ही संदर्भपातळी असते. संगीतातली शिखरे तिच्या बरीच वर जातात. डिजिटलचे २ व्होल्ट हे छत आहे, त्याच्या वर जागाच नाही. युरोपीय प्रसारणात संदर्भ मानला जाणारा उणे १८ डीबीएफएसचा (डिजिटलच्या कमाल पातळीपासून मोजलेल्या डेसिबलचा) स्वर अशा डॅकमधून जेमतेम ०.२५ व्होल्ट बाहेर काढतो. म्हणून कागदावरचे १२ डेसिबल सरसकट कापले, तर मोकळ्या (शिखरे न दाबलेल्या) ध्वनिमुद्रणाची सीडी एलपीपेक्षाही हळू वाजू शकते. शिखरे दाबून मोठे केलेले ध्वनिमुद्रण मात्र तेवढे कापूनही चढेच राहील. सहा ते आठ डेसिबल कापण्यापासून सुरुवात करून पुढचे कानावर सोपवणे बरे.

जुळवताना दुबळ्या स्रोताला वाढवण्यापेक्षा सबळाला उतरवणे योग्य, कारण वाढवताना त्याचा गोंगाटही वाढतो. त्यासाठी डॅकनंतर दोन रोधांचा (रेझिस्टरचा) व्होल्टेज विभाजक पुरतो. ४.७ किलोओहमचे दोन रोध ६ डेसिबल उतरवतात, पण पुढे १० किलोओहमचा पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाचा बदलता रोध) थेट जोडला तर त्याचा भार पडून घट ७.९ डेसिबलच्या आसपास जाते. हा भार हिशेबात धरायलाच हवा. एक टक्का सहनमर्यादेचे रोध घेतल्यास डाव्या-उजव्या चॅनलमधला फरक ०.२ डेसिबलच्या आत राहतो. विभाजकाची जागा पहिल्या ऑप-ॲम्पच्या (संकेत वाढवणाऱ्या चिपच्या) आधी असावी: २ व्होल्ट आरएमएस म्हणजे शिखर ते शिखर सुमारे ५.७ व्होल्ट, आणि ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या ऑप-ॲम्पमध्ये ते मावतच नाहीत. एकदा शेंडे छाटले गेले की नंतर आवाज कमी करून उपयोग नाही.

हीच घट डॅकच्या आधी, डिजिटल रूपात करता येते, आणि २४ बिटांच्या साखळीत त्याने आकड्यांचे फारसे बिघडत नाही. पण डॅकच्या ॲनालॉग भागाचा गोंगाट आहे तेवढाच राहतो, त्यामुळे संदेश आणि गोंगाट यांतले अंतर घटते. डॅकनंतरचा विभाजक दोन्ही सोबतच उतरवतो. अपवाद एकच: डिजिटल नमुन्यांच्या (ठरावीक अंतराने घेतलेल्या मोजमापांच्या) मधली शिखरे पूर्ण पातळीच्या वर जात असल्याने डिजिटलमध्ये ३ डेसिबलची सवलत ठेवणे फायद्याचे ठरते.

मोजणीला चाचणीचा स्वर आणि मल्टीमीटर लागतो. अनेक स्वस्त मल्टीमीटर काहीशे हर्ट्झच्या वर एसी व्होल्टेज नीट दाखवत नाहीत, म्हणून १ किलोहर्ट्झऐवजी ४०० हर्ट्झचा स्वर घ्यावा. एलपीसाठी चाचणी-तबकडी मिळते. ट्यूनरबाबत (रेडिओ ग्राहकाबाबत) कानच प्रमाण. रोजच्या ऐकण्यात एक-दोन डेसिबलचा फरक सहज खपतो. दोन स्रोतांची तुलना करायची असेल तर जुळवणी ०.१ डेसिबलपर्यंत नेतात, कारण किंचित मोठा आवाज मोठा न वाटता ‘जास्त चांगला’ वाटतो.