कमर्शियल राइड-ऑन मोवर: चालवताना घ्यायची काळजी

राइड-ऑन मोवर म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. सोसायटीच्या बागेत याचं काही काम नाही, तिथे ढकलायचं मोवर किंवा खांद्याला अडकवायचा ब्रश कटर पुरतो. जिथे हिरवळ एकरात मोजतात तिथे हे मशीन लागतं, म्हणजे मुंबईपुरतं बोलायचं तर क्रिकेटचं आउटफिल्ड, गोल्फ कोर्स, १८८३ सालच्या महालक्ष्मी रेसकोर्ससारखी जागा, नाहीतर मोठे कॅम्पस. गवत कापायचं पहिलं मशीन १८३० मध्ये इंग्लंडात एडविन बडिंग यांनी पेटंट केलं, पण ते ढकलायचं होतं. पेट्रोल इंजिनवाली, वर बसून चालवायची मशिनं विसाव्या शतकातली.

यात दोन जाती. रील मोवर कात्रीसारखं कापतं, गोल्फच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर) आणि चांगल्या आउटफिल्डवर तेच वापरतात. दुसरं रोटरी, ज्यात खालच्या डेकमध्ये, म्हणजे पात्यांवरच्या लोखंडी झाकणाखाली, दोन-तीन पाती गरगर फिरतात. व्यावसायिक रोटरीत आता झीरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारं मशीन, जास्त चालतं, ४८ ते ७२ इंची डेक, वजन साधारण ४०० ते ७०० किलो, आणि स्टिअरिंगऐवजी दोन दांडे. ही नोंद मुख्यतः या झीरो टर्नबद्दल आहे कारण भल्याभल्यांची फजिती तिथेच होते. कार चालवता येते म्हणून हे येईल असं समजून बसलेला माणूस पहिल्याच वळणावर कुंपणात जातो.

पाती आणि त्यातून उडणारं

रोटरी पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतं. त्याला लागलेला खडा गोळीसारखा बाहेर येतो आणि मुंबईच्या मैदानात फक्त खडे नसतात. सभा झाली, लग्न झालं, मंडप उठला की मागे काय राहतं ते कुठल्याही माळ्याला विचारा: खिळे, बाइंडिंग वायर, सुतळी, बाटलीची बुचं, फुटकी काच, वर टेनिस बॉल आणि नारळाच्या झावळ्या. तार सगळ्यात वाईट, ती पात्याच्या स्पिंडलला (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याला) गुंडाळते नाहीतर तुकडा होऊन उडते. म्हणून कापायच्या आधी पूर्ण पट्टा पायी फिरून बघायचा, आणि ते काम मशीनवर बसणाऱ्यानेच करावं, बिगारीला पाठवून नाही, कारण खड्डा कुठे, स्प्रिंकलरचं तोंड कुठे, गटाराचं झाकण कुठे हे त्यालाच माहीत हवं.

डेकच्या बाजूला गवत बाहेर फेकायचं तोंड असतं, त्यावरचं झाकण काढून चालवू नये. गवत पटापट बाहेर पडतं म्हणून बरेच जण ते वर बांधून ठेवतात. ते तोंड माणसं, गाड्या, काचा यांच्याकडे करायचं नाही, आणि आसपास पोरं खेळत असली तर पाती बंद करून थांबायचं. मुंबईत मैदान पूर्ण रिकामं मिळणं कठीणच, त्यामुळे पहाटेची वेळ बरी पडते, पण मॉर्निंग वॉकवाले कानात इअरफोन घालून फिरतात तेव्हा हॉर्न किंवा हाक यावर विसंबू नका. रिव्हर्स घेताना मागे आणि खाली दोन्हीकडे बघायचं. लहान मुलाला गंमत म्हणून मांडीवर बसवून चक्कर मारणं हा प्रकार तर अजिबात नको.

सीटचा स्विच

सीटखाली एक स्विच असतो. पाती चालू असताना माणूस उठला की इंजिन बंद पडतं. मशीनमधली ही सगळ्यात कामाची गोष्ट, आणि जुगाड पण सगळ्यात जास्त हिच्यावरच होतो. उंचसखल जमिनीवर सीट उडते, इंजिन सारखं बंद पडतं, मग वैतागून कोणीतरी वायर जोडून स्विच बायपास करतं आणि काम सुरू. माझं स्पष्ट मत आहे की असं मशीन ठेकेदाराने आणलं तर गेटवरूनच परत पाठवावं. खरा उपाय म्हणजे सीटची स्प्रिंग माणसाच्या वजनाप्रमाणे सेट करणं, स्पीड कमी करणं आणि स्विच खराब असेल तर बदलणं. रोज सकाळी मोकळ्या जागेत पाती चालू करून सीटवरून थोडं उठून बघायचं, इंजिन बंद पडलं तर ठीक, नाही पडलं तर त्या दिवशी काम नाही.

डेकमध्ये ओलं गवत अडकलं की पाती बंद, पार्किंग ब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात, मग पाती थांबेपर्यंत थांबायचं कारण बंद केल्यावरही ती काही सेकंद फिरत राहतात. गवत काठीने काढायचं, हाताने नाही. एक पातं हाताने फिरवलं की पाती जोडणाऱ्या बेल्टमुळे दुसरंही फिरतं, बोटं जातात ती अशी.

पावसाळा, उतार आणि रोल बार

अडचण अशी की मुंबईत हरळी जोरात वाढते ती जून ते सप्टेंबर, आणि मशीन मैदानात घालायला सगळ्यात वाईट दिवसही तेच. या चार महिन्यांत शहरात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. झीरो टर्नची पुढची चाकं विमानतळावरच्या ट्रॉलीसारखी मोकळी फिरतात, दिशा द्यायचं आणि ब्रेक लावायचं काम मागची दोन चाकंच करतात. ओल्या गवतावर ती घसरली की तुमच्या हातात काही राहत नाही, मशीन उतारावरून जाईल तिकडे जातं. म्हणून उघडीप मिळाली तरी लगेच मशीन काढू नये, जमिनीला पाणी सोडायला वेळ द्यावा. गवत फार वाढलं तर एका दमात बुडापर्यंत कापायचं नाही, आधी डेक उंच ठेवून एकदा, मग दोन दिवसांनी खाली.

उताराची मर्यादा बहुतेक कंपन्या १५ अंशांच्या आसपास देतात, पण ती कोरड्या गवताची समजा, आणि आपल्या मशीनचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघाच. नाला, तलाव, बंकरची (गोल्फ कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्याची) कड यांच्यापासून निदान दोन मशीनच्या रुंदीएवढं अंतर ठेवायचं, तिथलं गवत ब्रश कटरने काढायचं. चाक घसरायला लागलं तर पाती बंद करून हळूहळू सरळ खाली यायचं. पाय टेकवून मशीन अडवायला जाऊ नका.

सीटच्या मागची लोखंडी कमान म्हणजे रोल बार, मशीन उलटलं तर बसलेल्या माणसाला वाचवायला. ती उभी असेल तर सीटबेल्ट लावायचाच, आणि दुमडलेली असेल तर बेल्ट लावायचा नाही, कारण मशीन उलटलं तर बेल्टमुळे माणूस खालीच अडकतो. हे बरेच ऑपरेटर उलटं करतात. पर्जन्यवृक्षाच्या किंवा गुलमोहराच्या खाली आलेल्या फांदीसाठी कमान दुमडावी लागते, पण तेवढ्यापुरतीच, पुढे गेलं की परत उभी. फांदी छाटून टाकू म्हणाल तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तीही आधी.

बाकीचं थोडक्यात: चप्पल घालून चालवायचं नाही, बूट हवेत. गमछा किंवा सैल बाही नको. कानाला इअरमफ. वीज चमकायला लागली की मशीन सोडून आत यायचं. पेट्रोल गरम इंजिनमध्ये भरायचं नाही आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धुराने माणूस बेशुद्ध पडतो. ऑक्टोबरच्या उन्हात वाळलेलं गवत सायलेन्सरवर साचलं तर पेटतं, ते रोज साफ करायचं. टेम्पोत चढवताना मशीनएवढी रुंद, लांब फळी लागते. दोन अरुंद पट्ट्यांवर चढवू नये. झीरो टर्न फळीवरून रिव्हर्सने चढवतात आणि सरळ पुढे उतरवतात.