नंदनार (तिरुनाळैप्पोवार)

नंदनार हे तमिळ शैव परंपरेतल्या ६३ नायनमारांपैकी म्हणजे शिवभक्त संतांपैकी एक. मूळ नाव नंदन, शेवटचा 'आर' आदरार्थी, आपल्याकडच्या चोखोबातल्या 'बा'सारखा. यादीतलं त्यांचं अधिकृत नाव मात्र तिरुनाळैप्पोवार, त्याचा साधा अर्थ 'उद्या जाणार'. चिदंबरमला नटराजाच्या दर्शनाला उद्या जाईन, उद्या जाईन असं रोज म्हणायचा आणि जायची हिंमत व्हायची नाही, कारण जात पुलैयर, म्हणजे अस्पृश्य. एका माणसाची अख्खी अडचण नावातच आली असं दुसरं संतनाव मला तरी आठवत नाही.

आता गंमत अशी की या संताबद्दल सगळ्यात जुना पुरावा म्हणजे फक्त एक ओळ. आठव्या शतकाच्या आसपास सुंदरर या संतकवीने 'तिरुत्तोंडत्तोगै' नावाचं ११ कडव्यांचं पद रचलं, त्यात भक्तांची नावं घेऊन 'मी यांचा दास' एवढंच म्हटलंय, त्यात तिरुनाळैप्पोवारचं नाव येतं. गाव नाही, जात नाही, पुढच्या गोष्टीतली आग नाही. नंतर नंबि आंडार नंबि याने प्रत्येक संतावर एकेक कडवं केलं, तिथे पहिल्यांदा आदनूर गाव येतं, पुलै जात येते आणि तिल्लैचे (चिदंबरमचं जुनं नाव) तीन हजार ब्राह्मण त्याला हात जोडतात हेही येतं. आणि मग बाराव्या शतकात चोळ राजा दुसरा कुलोत्तुंग याच्या काळात सेक्किळारने चार हजारांवर कडव्यांचं 'पेरिय पुराणम्' लिहिलं आणि त्या एका ओळीची पूर्ण गोष्ट झाली.

सेक्किळारचं वर्णन वाचण्यासारखं आहे. वस्तीतली कुडाची घरं, दारात चामडी वाळत पडलेली, कोंबड्या, कुत्र्याची पिल्लं, खेळणारी पोरं, असं सगळं तो जवळून दाखवतो. नंदनचं काम म्हणजे देवळातल्या वाद्यांना चामडं आणि वीणेला-याळला (याळ म्हणजे जुनं तमिळ तंतुवाद्य) तारांसाठी आतडी पुरवणं, शिवाय पूजेसाठी गोरोचन. म्हणजे नगारा वाजायचा याच्या चामड्यावर, पण ऐकायचा याने बाहेर उभं राहून. हे सेक्किळार तक्रार म्हणून लिहीत नाही, त्याच्या लेखी ती सेवा आहे, पण वाचणाऱ्याला जे दिसायचं ते दिसतंच.

तिरुप्पुंगूरचा प्रसंग सगळ्यात प्रसिद्ध. तिथल्या शिवलोकनाथाच्या देवळात नंदन बाहेर उभा, मधे भलामोठा नंदी, दर्शन होईना. देवाने नंदीला सांगितलं, जरा सरक. त्या देवळातला नंदी आजही गाभाऱ्याच्या सरळ रेषेत नाही, एका बाजूला आहे, आणि लोक तो मुद्दाम दाखवतात. आता यातली बारीक गोष्ट बघा, देव नंदीला हलवतो पण नंदनला आत घेत नाही.

मग शेवटी चिदंबरम. गावाला फेऱ्या घालत राहतो, आत पाऊल टाकवत नाही. शिव त्याच्या स्वप्नात येऊन सांगतो, अग्नीतून ये आणि ब्राह्मणांसोबत माझ्याजवळ ये, आणि इकडे ब्राह्मणांनाही स्वप्नात सांगतो की चिता तयार करा. दक्षिणेकडच्या वेशीबाहेर आग पेटवली जाते, नंदन आत जातो आणि बाहेर येतो तो जटा आणि जानवं घातलेला मुनी होऊन, तीन हजार ब्राह्मण हात जोडतात, तो नटराजासमोर जातो आणि दिसेनासा होतो. श्रद्धेने वाचलं तर चमत्कार, नाहीतर सरळ प्रश्न पडतो की देवाला भेटायला आधी जात जाळावी का लागली? आपल्याकडे चोखोबा शेवटपर्यंत महारच राहिला, समाधी देवळाच्या बाहेर पण अंगावर जानवं चढलं नाही. दोघांत हा मोठा फरक आहे.

पुढची सातेकशे वर्षं पुराण चालत राहिलं, पण आज तमिळ माणसाच्या डोक्यात जो नंदन आहे तो बराचसा तमिळ कवी-संगीतकार गोपालकृष्ण भारती यांचा, १८६० च्या दशकात छापलेल्या 'नंदनार चरित्र कीर्तनै'मधला. भारतींनी एक नवीन पात्र घातलं जे सेक्किळारकडे नाहीच, ब्राह्मण जमीनदार. नंदन त्याचा शेतगडी, सुट्टी मागतो, मालक म्हणतो आधी चाळीस वेली (वेली म्हणजे तिकडचं जमिनीचं माप) शेतातलं काम उरक आणि मग जा, आणि रातोरात शिवकृपेने पीक उभं राहतं, मालकच पाया पडतो. तंजावर भागात वेठीच्या शेतमजुरीने काय हाल होते हे माहीत असलेल्या श्रोत्यांना ते पात्र काल्पनिक वाटलं नसणार. 'वरुगलामो' म्हणजे 'येऊ का आत' हे यातलंच पद, आजही कच्चेरीत (कर्नाटक संगीताच्या मैफलीत) गातात.

एक किस्सा सांगतात की भारती प्रस्तावनेचं कडवं मागायला थोर पंडित मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे गेले, पंडितांना त्यातल्या व्याकरणाच्या चुका आणि पुराणाशी केलेली फारकत आवडली नव्हती म्हणून ते टाळत राहिले, शेवटी एके दुपारी पंडित झोपलेले असताना भारती बाहेर ओट्यावर वाट बघत गुणगुणत बसले आणि ते ऐकून पंडित विरघळले. म्हणजे नंदनचं चरित्र लिहिणाराही दारातच ताटकळला.

इथे मराठीचा एक खरा धागा आहे. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, १६७६ पासून १८५५ पर्यंत, त्यामुळे मराठी कीर्तनाची पद्धत, साकी-दिंडी वगैरे चाली तिकडे रुजल्या आणि त्यातून तमिळ हरिकथा उभी राहिली. तंजावर कृष्ण भागवतरांसारख्या कीर्तनकारांनी नंदनचं आख्यान गावोगाव पोचवलं ते याच साच्यात.

विसाव्या शतकात सगळ्यांनाच नंदन हवा होता. गांधी मद्रास प्रांतातल्या भाषणांत त्याचं उदाहरण द्यायचे. स्वामी सहजानंद यांनी १९१६ मध्ये चिदंबरमलाच दलित मुलांसाठी नंदनारच्या नावाने शाळा काढली, आणि माझ्या मते नंदनच्या वारशातलं हे सगळ्यात कामाचं. अयोत्तिदास पंडित या तमिळ दलित बौद्ध विचारवंताने पुराणच उलटं केलं, म्हणाले नंदन मुळात बौद्ध राजा होता. सिनेमेही आले, १९३५ च्या सिनेमात नंदनची भूमिका के. बी. सुंदरांबाळ या बाईंनी केली आणि त्यासाठी त्यांना एक लाख रुपये मिळाल्याचं सांगतात. मग १९७० च्या दशकात इंदिरा पार्थसारथी यांच्या 'नंदन कदै' नाटकात चमत्कार गेला आणि आग खरी आग झाली, नंदनला फसवून जाळलं असा त्याचा रोख.

बाबासाहेबांनी १९४८ सालचं अस्पृश्यांच्या उगमावरचं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलंय. अर्पणपत्रिकेत चमत्काराचा उल्लेख नाही, अस्पृश्यांत जन्मले आणि भक्तीने व सद्गुणांनी सगळ्यांचा आदर मिळवला एवढंच.

१९४७ च्या मद्रास कायद्याने देवळं सगळ्यांना उघडली, चिदंबरमचंही. वाद अजून आहे तो दक्षिणेकडच्या एका भिंतीचा, नंदन जिथून आत गेला तो दरवाजा नंतर बुजवला असं दलित संघटनांचं म्हणणं, तो उघडा ही मागणी अधूनमधून होत असते. पुरट्टासी या तमिळ महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबर) रोहिणी नक्षत्राला नंदनारची गुरुपूजा असते, शिवमंदिरांत ६३ मूर्तींच्या रांगेत त्याचीही मूर्ती असते, हात जोडलेली.